लोखंडी नांगर आणि आमचा भाचा

परवा भाचा घरी आला होता. प्रमोशन हुकलं म्हणून पार वैतागलेला. "मामा, नोकरी सोडतो. इथेच चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे गाळा घेतो आणि स्वतःचं काहीतरी सुरू करतो." काय सुरू करणार, असं विचारलं तर म्हणाला, "ते ठरेल रे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाही का, बढती नाकारली, त्यांनी राजीनामा फेकला आणि कारखाना काढला!"

तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. ताईचं घर त्याच्याच पगारावर चालतं, त्यामुळे "घे उडी" म्हणायची हिंमत होईना, आणि "नको" म्हणायला जीभ रेटेना. तो गेल्यावर मात्र किर्लोस्करांची गोष्ट पुन्हा नीट आठवून पाहिली. ती एवढी सरळ नाहीच मुळी!

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी मुंबईला येऊन जे. जे. मधे दाखल झाले, पण काही रंगांमधला फरक त्यांना ओळखू येत नसे. चित्रकला सुटली. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, कारण त्यात रंग लागत नाहीत! पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधे (आपलं व्हीजेटीआय, तेव्हा भायखळ्याला होतं) शिक्षक झाले आणि यंत्रं हाताळता हाताळता त्यात मुरले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, हे खरं.

पण भाचा जे विसरला ते असं, की तोवर बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान सुरू झालेलं होतं. म्हणजे राजीनामा देताना पायाखाली थोडी का होईना, जमीन होती. आणि दुकान होतं सायकलींचं. "शेतकऱ्यासाठी अवजारं बनवायची" हे ध्येय तेव्हा ठरलेलं नव्हतं. ते नंतर सापडलं, आजूबाजूला बघता बघता. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर.

आणि नांगर खपेना! लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकले जायला दोनेक वर्षं लागली म्हणतात. ती दोन वर्षं त्या घरात कशी गेली असतील? आपण गोष्ट सांगताना ती एका वाक्यात उरकतो.

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप असलेला माळ. १९१० मधे तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं.

हे वाचताना मला आमचं चारकोप आठवलं. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि म्हाडाने इथे छोटे छोटे प्लॉट पाडले. सरकारने दिलं काय? जमिनीचा तुकडा, पाणी, गटार, रस्ता. घर ज्याने त्याने आपापलं बांधायचं, जमेल तसं, पैसे साठतील तसं. आधी पत्रे, मग स्लॅब, मग वरचा मजला. आज सेक्टरमधून फिरताना एकसारखी दोन घरं शोधून दाखवा!

राजाने माळ दिला, कारखाना दिला नाही. तरी माळ मिळाला नसता तर? एकट्याच्या जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत एक भाऊ असतो, एक राजा असतो आणि बरीच थांबलेली वर्षं असतात. लक्ष्मणराव १९५६ मधे गेले, त्याच्या कितीतरी आधी त्यांचे नांगर, चरक आणि पंप गावोगाव पोचले होते. पण सुरुवात रंग न ओळखता येण्यापासून झाली होती.

रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, राजीनामा खिशात ठेव. दर शनिवारी इस्टेटमधल्या माझ्या ओळखीच्या एका गाळ्यावर येऊन बस. लेथवर काय चालतं, कुठलं काम अडतं, कुठला पार्ट वेळेवर मिळत नाही म्हणून मालक शिव्या घालतो, ते वहीत लिही. त्यातलं एखादं तुला करता आलं, तर पहिला हातभार मी लावीन.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू राजा का?"

म्हटलं, "नाही रे, फार तर रामूअण्णा."

शनिवारी येतो म्हणालाय. बघू.