मंडळातले पोट्टे

आमचे आबाजी कारंजाकडचे. उन्हाळा लागला की ‘शकुंतला’ या छोट्या गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचं, बडनेऱ्याला पुन्हा गाडी बदलायची आणि अमरावती गाठायची. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेल्या फल्ल्या न् गूळ. जायचं कुठे, तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गाला. त्यांच्या तोंडी ते नुसतं ‘मंडळ’.

1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. कुस्ती, लाठी, लेझीम, मल्लखांब, हुतूतू, सगळं तिथे शिकवत. पुढे त्यातूनच शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. हुतात्मा राजगुरूही व्यायामाचे धडे घ्यायला इथे आले होते. आबाजींचे वर्ग त्यानंतरचे, तरी ‘आमच्याच मातीतला माणूस’ म्हणून ते सांगायचे आणि मग बराच वेळ गप्प बसायचे.

मल्लखांबाला एरंडेल चोपडायचं काम नव्या पोरांकडे. तो वास हातावरून जात नसे, भाकरीलाही लागे म्हणे. “तेल जास्त झालं तं पोट्टं खाली, कमी झालं तं मांडीची सालटी निंघते,” आबाजी सांगायचे. किती तेल, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. उस्तादांच्या तळहातात होतं.

1936 साली बर्लिनला ऑलिंपिक झालं. आपल्या हॉकीवाल्यांनी तिथे यजमान जर्मनीला 8–1 हरवून सुवर्ण जिंकलं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पण त्याच वेळी अमरावतीच्या मंडळाच्या चमूने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. कबड्डीही त्यांत होती. आबाजी त्या चमूत नव्हते. आजी म्हणायची, ते अमरावतीच्या ठेसनावर पोचवायला गेले होते. मोठे काका म्हणायचे, बडनेऱ्यापर्यंत. मला दोन्ही तितकंच खरं वाटतं. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्ण आणलं. ते ऐकायला आबाजी नव्हते. असते तर गल्लीभर गूळ वाटला असता.

धाकटे काका अकोल्याच्या कॉलेजात कबड्डी खेळायचे. अमरावती विद्यापीठ झालं 1983 साली. तोवर अकोला काय न् अमरावती काय, सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठाची. त्यामुळे नागपूरच्या सामन्यांना जायचं मोठं अप्रूप. परतताना थैलीभर संत्री, गुडघे फुटलेले आणि गळे बसलेले. डब्यात कोण कुणाच्या मांडीवर झोपलं, इथपर्यंत काकांना आठवायचं. सामना किती गुणांनी जिंकला, ते मात्र दर खेपेला बदलायचं.

काकांच्या संदुकीत त्या संघाचा एक फोटो निघाला. मागे अंगण, पुढे मांडी घालून बसलेले पोट्टे, मधल्याच्या हातात ढाल. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. काका सोडले तर एकही चेहरा घरात कुणाला ओळखता येईना. ज्यांना आला असता, ते सगळे गेले.

विद्यापीठाच्या दप्तरात विजेत्या कॉलेजचं नाव राहतं. पहाटे पोरांना उठवणारे सर, भिजवलेले हरभरे वाटणारा शिपाई, फाटक्या बनियनवर अख्खा मोसम खेळलेला पोरगा, हे कुठल्याच दप्तरात नसतात. ते राहतात म्हाताऱ्यांच्या बोलण्यात, आणि ते बोलणं दरवर्षी थोडं थोडं कमी होतं.

म्हणून माझं एक सांगणं ऐका. यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा जुनी संदूक उघडा. फोटो, प्रमाणपत्रं, सामन्यांची पत्रकं बाहेर काढा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि प्रत्येक फोटोमागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, कॉलेज, साल. साल चुकलं तर पुढे कुणीतरी दुरुस्त करील. न लिहिलेलं नाव मात्र कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. आणि त्या फोटोंची एक प्रत त्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या.