जुन्या लॅपटॉपची कमाल रॅमक्षमता

जुन्या लॅपटॉपवर जास्तीत जास्त किती रॅम चालेल हे मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग), बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून ठरवतात. तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, ती लागू होते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा यंत्र बाजारात आले तेव्हा मिळणाऱ्या मॉड्यूलपुरता असतो. म्हणून तो अंतिम मानू नये.

मेमरी कंट्रोलर : इंटेलच्या कोअर २ पिढीत कंट्रोलर चिपसेटमध्ये असे, म्हणून तिथे प्रोसेसरपेक्षा चिपसेटचे नाव महत्त्वाचे. ९४५जीएम चिपसेटवर २ जीबीची दोन मॉड्यूल बसतात, पण वापराला सुमारे ३ जीबीच मिळते; पत्त्यांची उरलेली जागा ग्राफिक्स व इतर उपकरणे अडवतात. ९६५ चिपसेटच्या थिंकपॅड टी६१ साठी ४ जीबी जाहीर होती, प्रत्यक्षात ८ चालते. २०१० पासूनच्या कोअर आय३, आय५, आय७ लॅपटॉपांत कंट्रोलर प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आला. तेव्हापासून प्रोसेसरचा क्रमांक शोधून इंटेलच्या तपशीलपत्रकातील कमाल मेमरी पाहावी. २०१० च्या मॅकबुक प्रोमध्ये हा फरक उघड दिसतो. अॅपलने १३ व १५ इंची दोन्हींना ८ जीबी सांगितली. कोअर २ ड्युओ आणि एन्व्हिडियाचा चिपसेट असलेला १३ इंची १६ जीबी घेतो. आय५, आय७ चा १५ इंची मात्र ८ वरच थांबतो, कारण त्या प्रोसेसरांची मर्यादाच तेवढी आहे.

मॉड्यूल : लॅपटॉप रॅमच्या प्रकारांत डीडीआर२ ला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, एकाच्या खाचेत दुसरे बसत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोअर लॅपटॉपांना १.३५ व्होल्टचे डीडीआर३एल लागते. त्या पिढीपर्यंत डीडीआर३ च्या एका खाचेत सामान्यतः ८ जीबीच धरावे.

तपासणी : विंडोजवर सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चिपसेट व खाचांतील मॉड्यूल दाखवते. लिनक्सवरील डीएमआयडीकोड ही आज्ञा कमाल क्षमता सांगते, परंतु तो आकडा उत्पादकाने बायोसमध्ये भरलेला असतो आणि चुकीचाही निघतो. कंट्रोलरची माहिती त्याहून विश्वसनीय.

ऑपरेटिंग सिस्टिम : ३२ बिट विंडोज एक्सपी ४ जीबीपैकी साधारण ३ ते ३.५ जीबी वापरते. ६४ बिट विंडोज ७ होम बेसिकची मर्यादा ८, होम प्रीमियमची १६ जीबी.

एएमडी : २००३ च्या अॅथलॉन ६४ पासून कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आहे, म्हणून इथे चिपसेटऐवजी प्रोसेसरची मर्यादा पाहावी.

सोल्डर केलेली रॅम : काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही; उदाहरणार्थ, २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमधील २ जीबी.