ऊन झऱ्यांची वाट आणि वाटाडे

न्यूझीलंडच्या उत्तर बेटांत रोटोरुआ नांवाचें शहर आहे. गंधकाचा वास हा तेथील हवेचाच एक घटक होऊन बसला आहे. या शहरांतून सकाळीं लहान लहान गाड्या निघतात. गाडींत दहा-बारा प्रवासी आणि त्यांच्या पुढें एक वाटाड्या. सव्वादहा वाजतां वायओतापू येथें ऊन पाण्याचें एक कारंजें उडतें, तें पाहावयाचें; मग हिरव्या-केशरी कडांचीं कुंडें व उकळत्या चिखलाचे डबरे पाहून दक्षिणेस वळावयाचें; वायकाटो नदीवरील हुका धबधब्यापाशीं थोडा वेळ घालवावयाचा, आणि दिवेलागणीच्या सुमारास परतावयाचें. अशी ही एका दिवसाची सहल.

पृथ्वीच्या पोटांतील आग आणि पाठीवरील पाणी हीं दोन्ही एका दिवसांत पाहून घेण्याची ही सोय ऐकून कित्येक विचारी माणसें नाक मुरडतात. निसर्गाचें दर्शन असें तिकिटावर व घड्याळावर होतें काय, असा त्यांचा प्रश्न असतो. तो प्रश्न अगदींच निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या सहलीस जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे त्याहून मोठा प्रश्न पुढें उभा राहतो: हें आश्चर्य दाखविण्याचा अधिकार कोणाचा, आणि जो दाखवितो त्याच्यावर तें राखण्याचा भार आहे कीं नाहीं?

प्रथम त्या भूमीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पॅसिफिक महासागराचा तळ येथें उत्तर बेटाखालीं सरकत जातो. खोल गेल्यावर त्यांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें वरचा खडक वितळतो, व तो रस कवचाच्या पातळ झालेल्या भागांतून वर येऊं पाहतो. पावसाचें पाणी भेगांतून खालीं मुरतें, तापतें, खडकांतील सिलिका आपणांत विरघळवून घेतें आणि पुन्हां वर येतें. वर येऊन तें निवलें कीं सिलिका थराथरानें बसत जाते. रोटोमहाना सरोवराच्या कांठीं अशा थरांनीं दोन अजस्र सोपान घडविले होते. पांढऱ्या सोपानास माओरी लोक ते तराता म्हणत, आणि गुलाबी सोपानास ओतुकापुआरांगी. पायरीपायरीवर निळसर ऊन पाण्याचीं कुंडें भरलेलीं असत. भूशास्त्रज्ञ होखस्टेटर यानें सन १८५९ मध्यें या सरोवराची पाहणी केली, आणि त्याच्या लेखनानें युरोपांत या सोपानांचें नांव झालें. सन १८७० मध्यें व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो हा तेथें येऊन गेला. सन १८७२ मध्यें कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप यानें गुलाबी सोपानाच्या कुंडांत स्नान केलें. मग प्रवाशांची रीघ लागली.

आजच्या सहलीची मूळ प्रत येथेंच सांपडते. तारावेरा सरोवराजवळ ते वायरोआ नांवाचें गांव होतें. प्रवासी आदल्या दिवशीं तेथें येऊन उतरत. सकाळीं वाटाड्या त्यांची लहानशी टोळी जमवी; माओरी वल्हेकरी त्यांना होडींतून तारावेरा सरोवरापलीकडे नेत; तेथून थोडें पायीं चालून रोटोमहाना गांठावयाचें. पांढरा सोपान चढून पाहावयाचा, ऊन झऱ्यांत शिजविलेले बटाटे व सरोवरांतील झिंगे खावयाचे, मग लहान होडींतून पलीकडे जाऊन गुलाबी सोपानावर स्नान करावयाचें, आणि संध्याकाळीं परत. कोठें पाय ठेवावा व कोठें ठेवूं नये हें सांगणारा माणूस बरोबर नसेल तर त्या पोकळ जमिनीवर एक पाऊलही टाकणें धोक्याचें होतें. म्हणून वाटाड्याचा शब्द हा तेथें कायदाच असे.

या वाटाड्यांत सर्वांत ख्याति पावलेली स्त्री म्हणजे सोफिया हिनेरांगी. तिचा बाप स्कॉटिश लोहार व आई माओरी. ऑकलंडजवळच्या मिशनशाळेंत तिचें शिक्षण झालें होतें, आणि इंग्रजी व माओरी या दोन्ही भाषा तिला सारख्याच अवगत होत्या. दोन विवाहांपासून झालेल्या सतरा अपत्यांच्या या आईनें राजपुत्रांच्या बरोबरीच्या पाहुण्यांस हात धरून त्या पायऱ्या चढविल्या. परक्या माणसाला आपली भूमि त्याच्या भाषेंत समजावून द्यावयाची, आणि तसें करतां करतां ती आपलीच आहे याचा त्याला विसर पडूं द्यावयाचा नाहीं, हें दुहेरी काम तिच्याकडे होतें.

कारण ती भूमि माओरींची होती. सरोवरें, सोपान व वाट हीं सर्व तुहौरांगी कुळाच्या ताब्यांत होतीं. होडीचें भाडें, वाटाड्याचें वेतन, सोपान पाहण्याचें शुल्क, छायाचित्र घ्यावयाचें तर त्याचें निराळें, हे सर्व दर तेच ठरवीत. या आकाराविषयीं त्या वेळच्या प्रवाशांनीं पुष्कळ कुरकुर केली आहे. निसर्गाचें देणें सर्वांस मोकळें असावें असें त्यांचें म्हणणें. हाच प्रवासी आपल्या देशांत एखाद्या उमरावाचा वाडा पाहावयास जातांना दारवानाच्या हातावर निमूटपणें नाणें ठेवीत असला पाहिजे. माओरीच्या दारांत मात्र त्याला निसर्गाच्या हक्काची आठवण झाली! तुहौरांगींना पैसा मिळाला हें खरें. सन १८८१ मध्यें त्यांनीं ते वायरोआ येथें हिनेमिही नांवाचें कोरीव सभागृह उघडलें; त्यांतील पूर्वजांच्या मूर्तींच्या डोळ्यांत रीतीप्रमाणें शिंपले न बसवितां सोन्याचीं नाणीं बसविलीं होतीं. ज्याला यांत केवळ उर्मटपणा दिसतो त्यानें इतकें ध्यानांत घ्यावें कीं आपल्या पूर्वजांच्या भूमीची किंमत इतरांनीं ठरवावी असे दिवस जवळ येत चालले होते. त्याच सन १८८१ मध्यें सरकारनें ऊन झऱ्यांच्या प्रदेशाविषयीं एक कायदा केला, आणि तेथील माओरी जमीन घेण्याचा मार्ग स्वतःच्याच हातांत ठेवला.

पण कायद्याच्या आधीं पृथ्वीनेंच आपला निर्णय दिला. सन १८८६ च्या ३१ मे रोजीं सोफियेच्या टोळींतील माओरी व युरोपीय या दोहोंनींही तारावेरा सरोवरावर एक परकी युद्धनौका पाहिल्याचें सांगितलें. तशी नौका त्या सरोवरांत नव्हती. तुहोतो नांवाच्या वृद्ध माओरी पुरोहितानें तो अपशकुन मानला. प्रवाशांच्या पैशानें कुळाची वृत्ति बिघडली आहे व त्याचें फळ भोगावें लागेल, असें त्याचें भाकीत असल्याचें सांगतात. पुढें १० दिवसांनीं, १० जूनच्या मध्यरात्रीनंतर, तारावेरा डोंगर फुटला. सुमारें दहा मैल लांबीची भेग पडली. रोटोमहानाचा तळ उडाला. राख व चिखल यांखालीं गांवें गाडलीं गेलीं. सुमारें १२० माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतील बहुतेक माओरी होतीं. त्या रात्रीं सोफियेच्या घरांत आश्रय घेतलेलीं साठांहून अधिक माणसें वांचलीं. हिनेमिहींत शिरलेलेही वांचले. दोन्ही सोपान नाहींसे झाले. आजच्या विस्तारलेल्या सरोवराखालीं त्यांचा कांहीं अंश शिल्लक आहे कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

तुहौरांगी निराश्रित झाले. व्हाकारेवारेवा येथील आप्त कुळानें त्यांना आपल्या ऊन झऱ्यांच्या खोऱ्यांत बोलाविलें, आणि सोफियाही तेथेंच येऊन पुन्हां प्रवाशांस वाट दाखवूं लागली. हिनेमिहीची गोष्ट याहून करुण आहे. ज्या सभागृहानें माणसें वांचविलीं तें सन १८९२ मध्यें गव्हर्नर ऑन्स्लो यानें ५० पौंडांस विकत घेतलें आणि इंग्लंडांत नेऊन आपल्या बागेंत उभें केलें.

यापुढें सहलीची सूत्रें सरकारच्या हातीं गेलीं. सन १८९४ मध्यें रोटोरुआस आगगाडी आली. सन १९०१ मध्यें प्रवास व आरोग्यस्थळें यांसाठीं स्वतंत्र सरकारी खातें निघालें. वाटाडे मात्र पूर्वींच्याच कुळांतले राहिले. त्याच वर्षीं इंग्लंडच्या युवराजास व्हाकारेवारेवा दाखविण्याचें काम माकेरेती हिच्याकडे आलें. तिचें प्रसिद्ध नांव मॅगी पापाकुरा. एका प्रवाशानें आडनांव विचारलें तेव्हां तिनें शेजारीं उडणाऱ्या पापाकुरा कारंजाचें नांव आपलें म्हणून सांगितलें, अशी कथा आहे. पुढें ती इंग्लंडांत गेली, ऑक्सफर्ड येथें मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, आणि तिच्या मृत्यूनंतर सन १९३८ मध्यें जुन्या माओरी जीवनावरील तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जिला लोक तमाशाचा एक भाग समजत होते तिनें आपल्या लोकांचें वर्णन करण्याचा अधिकारही स्वतःकडे घेतला, ही गोष्ट या इतिहासांत आम्हांस फार मोलाची वाटते.

दाखविण्याची हौस कोठपर्यंत जाते याचीं दोन उदाहरणें त्याच काळांतलीं आहेत. वायमांगू येथें सन १९०० मध्यें एक काळें कारंजें उसळूं लागलें. तें कधीं कधीं दीड हजार फुटांपर्यंत चढे. सन १९०३ मध्यें त्याच्या ऊन लोंढ्यानें चार माणसें वाहून नेलीं. त्यांत जोसेफ वॉरब्रिक हा प्रसिद्ध रग्बी खेळाडूही होता. दुसरें उदाहरण सौम्य आहे. वायओतापू येथील कैदी सन १९०१ च्या सुमारास एका ऊन झऱ्यावर कपडे धूत असतां साबणानें पाणी एकाएकीं उसळलें. साबणामुळें वरच्या थराचा पृष्ठताण कमी होतो आणि खालचें तापलेलें पाणी बाहेर फुटतें. मग झऱ्याभोंवतीं दगड रचून त्याचें कारंजें केलें गेलें, आणि गव्हर्नर रॅनफर्ली याच्या मुलीवरून त्यास लेडी नॉक्स हें नांव मिळालें. आजही सव्वादहा वाजतां उडणारें कारंजें तें हेंच, आणि रोज तें साबणानेंच उडवितात.

साबणानें कारंजें उडविणें हा लहानसा लबाडपणा झाला. तो पाहणाऱ्याच्या हौसेसाठीं होता व त्यानें झरा मेला नाहीं. खरा घाव पुढें वीजनिर्मितीनें घातला. सन १९५८ मध्यें वायराकेई येथें जमिनींतील वाफेवर चालणारें वीजगृह सुरू झालें. खोल विहिरींतून इतकें ऊन पाणी उपसलें गेलें कीं शेजारच्या खोऱ्यांतील नामांकित कारंजीं थोड्याच वर्षांत कोरडीं पडलीं. सन १९६१ मध्यें ओहाकुरी धरणाचें पाणी चढलें आणि ओराकेई कोराको येथील बहुतेक कारंजीं बुडालीं. सन १९६४ मध्यें आरातियातिया येथें धरण झालें. नदीचा तेथील उग्र प्रवाह आटला, आणि पाहुण्यांसाठीं ठराविक वेळीं दारें उघडून तो वाहता करण्याचा प्रघात पडला. थोड्याच अंतरावरील हुका धबधबा मात्र अखंड राहिला. तेथें सुमारें ३०० फूट रुंदीची वायकाटो नदी जेमतेम ५० फूट रुंदीच्या घळींत शिरते आणि सुमारें ३६ फूट खालीं झेपावते. एकाच नदीवर एक प्रवाह अखंड वाहतो व दुसरा ठराविक वेळीं दाराच्या चावीनें, हें दृश्य पाहणाऱ्यास पुष्कळ शिकवील.

वीज नको होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांच्या घरीं दिवा लागला त्यांचाही हक्क आहे. परंतु त्या व्यवहारांत झऱ्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नव्हता, आणि रोटोरुआंत तो निघाला. तेथील घरें व हॉटेलें यांनीं ऊब मिळविण्यासाठीं शेंकडों विहिरी खणल्या होत्या. त्यामुळें व्हाकारेवारेवा येथील कारंजीं मंदावलीं. सन १९७९ मध्यें पापाकुरा कारंजें थांबलें. अखेर सन १९८६ मध्यें सरकारनें पोहुतू कारंजापासून दीड किलोमीटरच्या आंतील सर्व विहिरी बंद करण्याचा हुकूम काढला. गांवकऱ्यांनीं त्यास कडवा विरोध केला. तथापि विहिरी बुजल्या, जमिनींतील पाण्याची पातळी चढली, आणि सन २०१५ मध्यें, छत्तीस वर्षांच्या मौनानंतर, पापाकुरा पुन्हां उडूं लागलें.

हा निर्णय केवळ निसर्गप्रेमानें झाला असें समजण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाहीं. पोहुतू आटलें तर पाहुणा येणार नाहीं, ही धास्ती त्याच्या मुळाशीं होती. ज्या सहलीस आपण नाक मुरडतों तिनेंच येथें झरा वांचविला. आणि वायराकेईच्या खोऱ्यांतही पाहुणे येतच होते, तरी तें वांचलें नाहीं. दोहोंत भेद एवढाच दिसतो कीं व्हाकारेवारेवा येथें झऱ्यांच्या वाफेवर अन्न शिजविणारें, त्यांत न्हाणारें, पिढ्यान्‌पिढ्या वाट दाखविणारें गांव अजून नांदत होतें. पाहुणा कितीही आला तरी तो संध्याकाळीं परत जातो. झरा आटल्याचें दुःख दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथें उठणाऱ्यासच होतें. सन २००९ मध्यें न्यूझीलंडच्या संसदेनें कायदा करून व्हाकारेवारेवा येथील झऱ्यांची भूमि माओरी कुळांच्या स्वाधीन केली. तुहौरांगी त्यांपैकींच एक आहेत.

म्हणून या एका दिवसाच्या सहलीस जाणाऱ्यास आमचें सांगणें इतकेंच कीं त्यानें कारंजाकडे जितकें लक्ष द्यावें तितकेंच वाटाड्याकडेही द्यावें. पायवाट सोडूं नका असें तो म्हणतो, तें ऐकावें. आणि तो त्याच भूमीचा असेल तर, या झऱ्याचें पुढें काय होणार हें ठरवितांना त्याला कोणी विचारतें कीं नाहीं, हेंही त्याला अवश्य विचारावें.