मुंबईत पाडलेला डॉलर आणि माझा एक गाढवपणा



आज माझ्या हातात चांदीचा एक डॉलर आहे. डॉलर म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. पण हा डॉलर पडला आपल्या मुंबईच्या टांकसाळीत.

गोष्ट १८९३ पासून सुरू होते. तोवर कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन द्यावी आणि ठरलेली फी भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. चांदीचा भाव घसरत चालला, तेव्हा सरकारनं जून १८९३ मध्ये ही सोय बंद केली. रुपये पाडण्याचं काम रोडावलं. तिकडे हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बंदरांत व्यापार चालायचा तो मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर, आणि तो पुरेसा मिळत नव्हता. म्हणून १८९५ पासून इंग्रजांनी स्वतःचा व्यापारी डॉलर काढला. त्यातले बहुतेक मुंबईत पडले.

एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया उभी आहे. दुसऱ्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह आहे, आणि किंमत चिनी व मलय भाषांत लिहिली आहे. भिंग घेऊन त्रिशूळाचं मधलं टोक पाहा. तिथे बारीक ‘बी’ कोरलेला असतो. तो बॉम्बेचा. वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर, चांदी ९० टक्के. तुलनेला आपला राणीछाप रुपया घ्या: ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा.

चिनी सराफ नाणं पारखून त्यावर आपला छोटा ठसा मारत. एकेका डॉलरवर असे पाच-सहा ठसे सापडतात. म्हणजे ते नाणं किती हातांतून गेलं, याची ती नोंदच असते.

आता माझा गाढवपणा. हा डॉलर माझ्या पणजोबांनी सिंगापूरहून आणलेला. माझ्याकडे आला तेव्हा काळपट होता. मी नवा लेफ्टनंट. बेल्टचं बक्कल, टोपीचा बिल्ला, सगळं आरशासारखं चमकलं पाहिजे, हीच शिकवण. पितळेचं पॉलिश घेतलं आणि अर्धा तास घासलं. नाणं झगझगीत झालं आणि मी खूश! पुढे एका जाणकारानं भिंगाखाली धरून दाखवलं. सगळीकडे बारीक ओरखडे होते. तीन ठशांपैकी दोन उथळ होते, ते इतके पुसट झाले होते की वाचता येईनात. ते कुणाचे होते, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून दर्जा कसा ठरतो ते नीट समजून घ्या. पहिली गोष्ट झीज. ब्रिटानियाची छाती, मांडी अशा उठावदार जागा आधी गुळगुळीत होतात. दुसरी गोष्ट मूळची चकाकी. ठसा पडताना दाबाखाली चांदी कडेकडे सरकते आणि सूक्ष्म रेषा उमटतात. त्यामुळे न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरतात. घासलं की त्या रेषा जातात, आणि पुन्हा येत नाहीत. अमेरिकेचे विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० ही मोजपट्टी तांब्याच्या सेंटसाठी मांडली, ती आज सगळ्याच नाण्यांना लावतात. ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं. घासलेल्या नाण्याला मात्र बहुधा आकडा मिळत नाही, ‘साफ केलेलं’ असा शेरा मिळतो.

काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकानं चांदीवर धरलेला थर. तो मळ नव्हे. तो काढायला चिंच, राख, दंतमंजन, खायचा सोडा यांतलं काहीही लावू नका. चांदी उजळण्याचं द्रावणही नको, ते वरचा पापुद्राच खातं.

खरोखर तेलकट मळ किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल, तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घ्या. खिडक्या उघड्या, जवळपास आग नाही. नाणं पाच-दहा मिनिटं बुडवा, मग डिस्टिल्ड वॉटरमधून काढा. मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. नाणं नेहमी कडेनं धरा.

आमच्या मैसूरला पावसाळ्यात कपाटातही दमट होतं. नाण्याजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. रबर, लोकर आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं दूर ठेवा.

आणखी एक. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या नातवाला भेट म्हणून पाठवू नका, तो गुन्हा आहे.

बक्कल चमकलंच पाहिजे, ती शिस्त आहे. नाणं म्हणजे बक्कल नव्हे. आजोबांची पेटी उघडाल तेव्हा हात आवरा, आधी भिंग घ्या.

जय हिंद.