मुख्य चित्रपटाच्या आगेमागे

नवा चित्रपट लागला की तो कथापट आहे, विनोदी आहे की माहितीपट, हे आम्ही आधी विचारतो. त्यातही गंभीर कथेला मानाचे पान, विनोदाला खालची पंगत आणि माहितीपटाला बहुधा दारातली जागा. ही उतरंड इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनच असावी, असे आम्ही समजून चालतो. आमच्या चित्रपटाचा आरंभकाळ मात्र निराळे सांगतो.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. पुढे सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे मुंबईतले स्वागतही. इथे कथेच्या आधी वार्ता आली होती.

दादासाहेब फाळके यांचीही सुरुवात देवादिकांपासून झाली नाही. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अंतराने चित्रित केली आणि ती फीत दाखवून भांडवलासाठी विश्वास मिळवला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे असा एक चिमुकला माहितीपट उभा आहे. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’सोबत त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हे छोटे प्रहसन दाखवले. पुराण आणि हास्य एकाच तिकिटावर आले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. कीर्तनातला विनोद आणि तमाशातली बतावणी या प्रेक्षकाच्या ओळखीचीच होती.

पुढे इतिहास लिहिताना आम्ही कथापट तेवढा मोजला आणि बाकीचे ‘पुरवणी’ ठरवले. पुरवणी कोण जपून ठेवतो? सावे दादांची ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही, आणि ‘पिठाचे पंजे’ आमच्यासाठी केवळ नाव उरले आहे. पण मानाचे पानही काळाने सोडले नाही. मूकपटांची बहुतेक संपदा नष्टच झाली.

१९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक माहितीपट केला. त्याचे काही तुकडे उरले आहेत. त्यांत स्वतः दादासाहेब काम करताना दिसतात. भारतीय कथापटाच्या जनकाला हालताचालताना पाहायचे, तर आम्हाला आज त्या दारातल्या पाहुण्याकडेच जावे लागते.