निम्मा वाटा सरकारचा

६ जानेवारी १९३६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेतीचा एक मोठा कायदा मोडीत काढला, आणि त्या गडबडीत एका नव्या रिवाजाचा पाया पडला. शेतकऱ्याने जमिनीच्या भल्याचे काही काम करावे आणि त्याच्या खर्चाचा काही वाटा सरकारने उचलावा, हा तो रिवाज. आज ‘हवामानपूरक शेती’साठी जे निधी निघतात, ते त्याच घराण्यातले. मात्र या घराण्याची वंशावळ चाळायला घेतली, तर अगदी वर एखादा निसर्गप्रेमी साधू भेटेल ही अपेक्षा फोल ठरते. तिथे भेटतात ते वकील.

झाले असे. मंदीत कापूस, गहू, मका यांचे भाव पार कोसळले होते. १९३३ च्या कायद्याने रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांना पेरा कमी करण्याबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली. हे पैसे सरकार गिरण्यांकडून आणि कत्तलखान्यांकडून खास कर घेऊन उभे करत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हूसॅक मिल्स या बुडीत कापड गिरणीच्या व्यवस्थापकांनी तो कर भरायला नकार दिला. प्रकरण वरपर्यंत गेले आणि सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : शेतीचे उत्पादन ताब्यात ठेवणे हे केंद्र सरकारचे काम नव्हे.

निवडणूक दहा महिन्यांवर होती आणि शेतकरी पैशांची वाट बघत होते. कृषी खात्याने आठ आठवड्यांच्या आत नवा कायदा उभा केला. त्यावर सही झाली २९ फेब्रुवारीला. युक्ती साधी होती. ‘कापूस लावू नका’ म्हणून पैसे देता येत नसतील, तर ‘जमीन सुधारणारे पीक लावा’ म्हणून द्यायचे. कापूस, मका, गहू, तंबाखू ही पिके ‘माती झिजवणारी’ ठरली; गवत, क्लोव्हर आणि इतर द्विदल पिके ‘माती राखणारी’. झिजवणाऱ्यांच्या यादीत नेमकी तीच पिके होती, ज्यांचा बाजारात महापूर आला होता. हा योगायोग होता असे तेव्हाही कोणी मानले नसावे. पैसा आता खास करातून न येता थेट तिजोरीतून येणार होता, त्यामुळे कोर्टाचा अडसरही टळला.

माती ही सबब इतकी हाताशी कशी आली, याचे श्रेय मात्र एका खऱ्या मातीवेड्याला द्यावे लागते. ह्यू हॅमंड बेनेट नॉर्थ कॅरोलायनातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात वाढला आणि १९०३ मध्ये सरकारच्या मृदा विभागात लागला. १९०५ साली व्हर्जिनियातल्या लुईसा परगण्यात पाहणी करताना त्याला एकाच उताराचे दोन लगतचे तुकडे दिसले. एकावर रान होते; तिथली माती भुसभुशीत आणि ओलसर, हाताने उकरता येईल अशी. शेजारच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालला होता. तिथे कडक चिकणमाती उघडी पडली होती. मूळ माती एकच, पण वरचा थर पावसाबरोबर पापुद्र्यापापुद्र्याने निघून गेला होता, आणि घळ न पडल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी त्याच्याच विभागाने, माती ही कधीही न संपणारी एकमेव संपत्ती आहे, असे छापून प्रसिद्ध केले. बेनेटचे उरलेले आयुष्य बहुतांशी ते वाक्य खोडून काढण्यात गेले.

१९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी त्याची बाजू मांडली. १४ एप्रिल १९३५ च्या ‘काळ्या रविवारी’ मैदानी राज्यांत भरदिवसा अंधार झाला. सिनेटच्या समितीपुढे बेनेट मुद्दाम रेंगाळत साक्ष देत राहिला, तेवढ्यात पश्चिमेकडची धूळ वॉशिंग्टनच्या खिडक्यांपाशी येऊन पोहोचली, अशी कथा सांगतात. ती इतकी घोटीव आहे की थोडी शंका यावी. मृदसंधारणाचा कायदा मात्र २७ एप्रिलला खरोखरच झाला.

प्रत्यक्ष देवाणघेवाण कशी होत असे हे पाहायचे तर विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत जावे लागते. हा डोंगरउतारांचा, दुभत्या गायींचा मुलूख. वस्ती बरीचशी नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांची. शेते चौकोनी आखलेली, नांगर उतारावर वर-खाली चालायचा आणि गुरे तीव्र चढाच्या रानात सोडलेली असायची. १९३३ मध्ये बेनेटच्या खात्याने देशातला पहिला पाणलोट प्रकल्प इथे घेतला. शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा : नांगर आडवा, समपातळीत धरायचा, मका आणि लसूणघासाचे पट्टे आलटून पालटून ठेवायचे, चढावरच्या रानातून गुरे काढायची. बदल्यात सरकार चुना, खत, बियाणे आणि कुंपणाची तार देणार. वर बेकार तरुणांच्या सरकारी छावणीतली पोरे कुंपण सरकवायला आणि बांध घालायला येणार. शेतकऱ्याचा वाटा म्हणजे त्याचे श्रम, आणि बापजाद्यांची नांगरणी सोडायची तयारी. दोन वर्षांत खोऱ्यातल्या जवळपास निम्म्या शेतकऱ्यांनी सह्या केल्या.

वन्यजीवतज्ज्ञ आणि निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड या प्रकल्पाचा सल्लागार होता आणि सुरुवातीला त्याने त्याचे कौतुकही लिहिले. पुढे विस्कॉन्सिनच्या याच अनुभवावर त्याने जे लिहिले ते त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचा सूर निराळा होता : पाच वर्षांची मुदत सरली तशा बऱ्याच पद्धती विसरल्या गेल्या, शेतकऱ्यांनी टिकवल्या त्या फक्त लगेच डोळ्यांना दिसेल असा फायदा देणाऱ्या. खर्चवाट्याच्या योजनेवर याहून नेमके बोट पुढे क्वचितच कोणी ठेवले. निम्मा खर्च स्वतःचा असला की शेतकरी तेच काम निवडतो जे त्याला एरवीही हवे असते. योजना तरते ती यामुळे, आणि घसरतेही यामुळेच.

कून व्हॅलीपुरते सांगायचे तर आडव्या पट्ट्यांचा फायदा दिसणारा होता, म्हणून ते राहिले. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी तिथल्या ओढ्यांत साचणारा गाळ अनेक वर्षे मोजला. १९९० च्या दशकात त्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे ६ टक्क्यांवर आला होता.

१९३६ च्या कायद्यातून निघालेला ‘अ‍ॅग्रिकल्चरल कॉन्झर्व्हेशन प्रोग्रॅम’ साठ वर्षे चालला. परगण्यातले शेतकरी आपली समिती स्वतः निवडत आणि कोणत्या कामाला किती वाटा द्यायचा यात त्या समितीचा शब्द चाले. वाटा सहसा खर्चाच्या ५० ते ७५ टक्के असे. मागणी सगळ्यात जास्त कशाला? चुन्याला. आम्लारी जमिनीत चुना टाकला की उत्पन्न वाढते. धूप त्याने थांबते ती आडवळणानेच. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे याच योजनेतून दलदलीतले पाणी काढायला चर आणि जमिनीखालचे नळ घालण्याचा खर्चही वाटून घेतला गेला. सरकारचे एक खाते पाणपक्ष्यांसाठी पाणथळ जागा विकत घेत होते, तर दुसरे खाते तशाच जागा कोरड्या करायला मदत करत होते. आज त्या जागा राखण्यासाठी निराळे अनुदान आहे.

वॉशिंग्टनमधल्या हिशेबनिसांना हे दिसत नव्हते असे नाही. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी ही योजना कापायचे प्रयत्न केले. निक्सन सरकारने तर डिसेंबर १९७२ मध्ये ती बंदच करून टाकली. अमेरिकी संसदेने दर वेळी तिला परत उभे केले, कारण प्रत्येक परगण्यात समिती होती आणि समितीला आपल्या भागाच्या खासदाराचा फोन नंबर ठाऊक होता. १९८० च्या सुमारास कृषी खात्याने स्वतःच तपास केला, तेव्हा धूप रोखायची निम्म्याहून अधिक कामे मुळातच कमी धूप असलेल्या जमिनींवर झालेली आढळली.

दरम्यान मैदानी राज्यांत १९५० च्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला, आणि १९५६ मध्ये दहा राज्यांसाठी निराळी योजना आली. हिच्यात सुट्या सुट्या कामांना पैसे नव्हते. आधी पूर्ण शेताचा आराखडा, मग तीन ते दहा वर्षांचा करार, आणि मग ८० टक्क्यांपर्यंत वाटा. चुन्याच्या पोत्यांपेक्षा ही रीत कितीतरी शहाणी होती.

१९९६ मध्ये या दोन्ही योजना आणि आणखी दोन एका छत्राखाली आल्या : ‘एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्रॅम’, बोलण्यात ‘इक्विप’. वर्षाला २० कोटी डॉलर, त्यातला निम्मा पैसा पशुपालनासाठी. सुरुवातीला मोठ्या गोठ्यांना शेणमुताचे तलाव बांधायला यातून मदत मिळत नसे. २००२ च्या कायद्याने ती बंदी उठवली आणि निधीही अनेक पटींनी वाढवला. डुकरांच्या आणि गायींच्या बड्या कारखान्यांना करदात्यांनी हातभार का लावावा, हा वाद तेव्हापासून पेटला तो अजून धुमसतो आहे.

‘हवामान’ या घरात आले ते फार उशिरा. ऑगस्ट २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ने संवर्धनाच्या जुन्या योजनांत १,९५० कोटी डॉलर ओतले. त्यातले ८४५ कोटी एकट्या इक्विपचे. अट इतकीच की काम कर्ब साठवणारे किंवा उत्सर्जन घटवणारे हवे. त्यासाठी नवी कामे शोधावी लागली नाहीत. विनानांगरणी पेरणी, दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकणारे आच्छादन पीक, शेताच्या कडेची झाडे : बेनेटच्या वारसदारांच्या यादीत बरेच काही आधीपासून होते. आयोवातल्या मका-सोयाबीनवाल्याने मका काढल्यावर राय हे तृणधान्य पेरले, तर माती हिवाळ्यात उघडी राहत नाही, नायट्रेट नदीत वाहून जात नाही आणि थोडा कर्बही जमिनीत राहतो. अडचण लिओपोल्डने सांगितलेलीच. वसंतात राय मारावे लागते, पेरणीची घाई असते, आणि फायदा दिसायला वर्षे जातात. २०२२ च्या शेतीगणनेत सुमारे १ कोटी ८० लाख एकरांवर आच्छादन पीक होते. देशाच्या लागवडीखालच्या जमिनीच्या मानाने हा आकडा पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

पैसे हातात पडायची रीत आपल्याकडे ठिबक बसवलेल्या कोणालाही चटकन ओळखीची वाटेल. महाराष्ट्रात अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेचे ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. पण आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग पदरचे पैसे घालून खरेदी, बिल, मोका तपासणी आणि शेवटी खात्यावर रक्कम. तिकडेही तसेच. परगण्याच्या कार्यालयात अर्ज, गुणांकन, करार. करारावर सही व्हायच्या आत काम सुरू केले तर वाटा गेला. काम झाले की तंत्रज्ञ येऊन ते ठरल्या मापात आहे का हे बघणार, मग पैसे. २०१० ते २०२० या काळात इक्विपच्या अर्जदारांपैकी तिघांत जेमतेम एकाला करार मिळाला. हाताशी रोकड नसलेल्याला ‘निम्मे सरकारचे’ याचा उपयोग नसतो, हे उशिरा का होईना ध्यानात आले. नवख्या आणि वंचित शेतकऱ्यांना सामान-मजुरीसाठी आगाऊ रक्कम मिळण्याची सोय झाली. २०१४ पासून ती निम्म्यापर्यंत आहे.

आधी खर्च करायचा याचा खरा चटका २०२५ च्या जानेवारीत बसला. नव्या सरकारने २०२२ च्या त्या हवामान कायद्याचा पैसा रोखून धरला. करारावर सह्या झाल्या होत्या, कुंपणे उभी होती, विहिरींची बिले भरून झाली होती, आणि परतावा थांबला. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात २ कोटी डॉलर मोकळे झाले, बाकीचे टप्प्याटप्प्याने सुटत गेले. हवामानपूरक शेतमालासाठीचा ३१० कोटी डॉलरचा निराळा कार्यक्रम मात्र एप्रिलमध्ये रद्द झाला.

जुलै २०२५ च्या अर्थविषयक कायद्याने यावर जो तोडगा काढला, तो १९३६ च्या वकिलांनाही आवडला असता. हवामान कायद्याचा न खर्चलेला पैसा परत न घेता इक्विप आणि तिच्या भावंडांच्या कायमच्या तरतुदीत मिसळून टाकला आणि फक्त हवामानाची अट काढली. कृषी खात्याच्या यादीत क्रमांक ३४० चे आच्छादन पीक आणि ३२९ ची विनानांगरणी पेरणी आजही आहेत. त्यांच्यासाठी अर्ज करता येतो. फक्त आता त्याच रांगेत कुंपणे, पाइपलाइनी आणि शेणाचे तलाव हेही पुन्हा बरोबरीने उभे आहेत.