तोंड मिटेना

हा घटनाक्रम एका घरातला नाही. जबडा निखळलेली म्हातारी माणसं उशिरा रुग्णालयात पोहोचतात तेव्हा जे जे घडू शकतं, ते इथे एका रात्रीत गुंफलं आहे.

रात्री ९.२०
जेवण उरकून आजी अंथरुणावर बसल्या आणि त्यांना मोठी जांभई आली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. वय पंचाहत्तरीचं, दाढा पडलेल्या, सांध्याचे बंध सैल. खालच्या जबड्याची दोन गोल टोकं कानांच्या पुढच्या खाचांत बसलेली असतात. जांभई देताना ती समोरच्या उंचवट्याखाली सरकतात आणि मागे येतात. आज ती उंचवट्यापुढे जाऊन अडकली.

९.३०
“आई, तोंड मिटा ना,” सून म्हणते. आजी नुसती मान हलवतात. हनुवटी पुढे आली आहे, कानाजवळ बोट ठेवलं तर खळगा लागतो. लाळ ओघळते आहे. ओठ जुळत नसल्यामुळे पाणीसुद्धा मागता येत नाही.

९.४५
मुलगा हनुवटीखाली तळवा लावून जोरात वर दाबतो. आजी कळवळतात. मायेपोटीच करतो तो, पण दिशा चुकते. अडकलेलं टोक आधी खाली उतरलं पाहिजे, मगच मागे जाईल.

१०.१५
शेजारच्या काकू म्हणतात, “वारं गेलं असेल.” कुणी धनुर्वाताचं नाव घेतं. धनुर्वातात दातखीळ बसते, म्हणजे अगदी उलट. पक्षाघाताची शंका मात्र रास्त आहे. एकाच बाजूचा सांधा निखळला तर हनुवटी दुसरीकडे सरकते आणि चेहरा वाकडा दिसतो. अशी शंका आली की त्याच पावली निघायचं असतं. इथे आजींचे हातपाय हलताना पाहून सगळ्यांना हायसं वाटलं आणि “सकाळी दाखवू” असं ठरलं. माझ्या मते घात झाला तो या क्षणी. जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली हे बहुधा काही मिनिटांचं काम होतं.

११.४५
चावण्याचे स्नायू आखडले आहेत. दुखतं म्हणून ते आखडतात, आखडतात म्हणून आणखी दुखतं. जितका उशीर, तितका जबडा बसवणं अवघड. काही आठवडे तसाच राहिला तर नुसत्या हातांनी बसत नाही, शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

१.१०
उघड्या तोंडाला कोरड पडली आहे. सून चमच्याने पाणी घालते, मग थोडं दूध. दिवसभराच्या कामानंतर ती उशाशी जागी बसली आहे. तिला कसा दोष द्यायचा? पण नीट गिळायला जबडा मिटावा लागतो, ओठ जुळावे लागतात. आजींना ठसका लागतो. थांबतो, पुन्हा लागतो.

३.४०
श्वासाबरोबर घरघर ऐकू येते.

६.३०
१०८ ला फोन.

७.५०
रुग्णालय. एक्स-रे होतो, सलाइनमधून स्नायू सैल पडण्याचं औषध जातं. डॉक्टर गॉज गुंडाळलेले अंगठे मागच्या हिरड्यांवर ठेवतात, बोटांनी जबडा खालून धरतात, आधी खाली दाबतात, मग मागे ढकलतात. खट् आवाज होतो आणि तोंड मिटतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका पपायरसवर तोंडात अंगठे घालून जबडा बसवण्याची कृती आहे. सुश्रुतसंहितेतही निखळलेला जबडा शेकून, जागी आणून, पंचांगी बंध बांधायला सांगितलं आहे. इतकं जुनं, हातांनी होणारं काम! आजींनी त्यासाठी साडेदहा तास काढले.

दुसरा दिवस, दुपारी ४.००
डोक्यावरून हनुवटीखालून पट्टी बांधलेली आहे, जबडा जागेवर आहे. पण ताप चढला आहे आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो आहे. श्वासनलिकेत गेलेल्या दुधापाण्याने, लाळेने उजव्या फुफ्फुसाला सूज आली आहे. आजींना अतिदक्षता विभागात हलवतात.

४.३०
डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सांगतात: निखळलेला जबडा पुन्हा निखळू शकतो. जांभई येताना हनुवटीला खालून हात द्यायचा, घास लहान घ्यायचा, काही आठवडे मऊ जेवण. परत अडकलाच तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. लाळ बाहेर पडावी म्हणून त्यांना पुढे वाकवून बसवायचं आणि रात्र असली तरी लगेच निघायचं.